रिकामा रकाना : क्रीडासंग्रहालयातील उमेदवारीविषयी

कूपर्सटाउनला मी कधी गेलेलो नाही. न्यूयॉर्क राज्यात, ओट्सेगो नावाच्या तळ्याच्या काठी वसलेले हे गाव. वस्ती दोन हजारांच्याही आत. आपल्याकडे एवढ्या गावाला एसटीचा धड थांबा मिळत नाही. तिथे मात्र अमेरिकेतील बेसबॉलचे 'हॉल ऑफ फेम' आणि संग्रहालय आहे. चाळीस हजारांवर वस्तू, लाखोंनी कागदपत्रे, छायाचित्रे, आणि मोठ्या स्पर्धांतून खेळलेल्या प्रत्येक खेळाडूच्या नावाची कात्रणांची फाइल. बेसबॉल मला फारसा कळत नाही, आणि या वयात कळून घ्यायची हौसही नाही. तरीही गेली काही वर्षे या संग्रहालयाविषयी जे हाती लागेल ते मी वाचत आलो आहे, ते तिथे दर उन्हाळ्यात येणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे.

२००१ पासून तिथे फ्रँक आणि पेगी स्टील या दांपत्याच्या नावाने एक इंटर्नशिप चालते. महाविद्यालयातील विद्यार्थी दहा आठवडे येऊन राहतात; कुणी वस्तुसंग्रहाकडे, कुणी ग्रंथालयात, कुणी छायाचित्रांकडे, कुणी शिक्षण विभागात, कुणी प्रसिद्धीच्या कामाला. जुलैच्या सुमारास नव्या मानकऱ्यांचा सन्मानसोहळा असतो, तेव्हा सगळ्यांनाच राबावे लागते. या कामाचे त्यांना पैसे मिळतात. मराठीत इंटर्नशिपला आपण 'आंतरवासिता' असा कोरडा शब्द केला आहे. माझ्या वडिलांच्या पिढीत 'उमेदवारी' म्हणत. छापखान्यात उमेदवारी, वकिलाकडे उमेदवारी. त्यात उमेदही होती आणि उंबऱ्यावर ताटकळणेही होते. निवडणुकांनी तो शब्द पळवला. या लेखापुरता तरी मी तो परत घेतो.

हा विषय माझ्याकडे आला तो एका फोनमुळे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. बी.कॉम. झालो, हिशेबनीस म्हणून नोकरी केली, आणि सुट्टीच्या दिवशी जुनी वर्तमानपत्रे चाळता चाळता तालमी, जिमखाने, क्रिकेटचे सामने यांच्या नोंदी जमवीत गेलो. राज्यात २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रम लागू झाला. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात 'ऑन जॉब ट्रेनिंग' आले, चार श्रेयांकांचे, म्हणजे एकशेवीस तासांचे. रसायनशास्त्राचा विद्यार्थी कारखान्यात जाईल, वाणिज्यचा सी.ए.कडे, एम.ए. इतिहासाच्या विद्यार्थ्याने जायचे कुठे? आमच्या भागातील एका प्राध्यापकांना एका जुन्या जिमखान्याची आठवण झाली, आणि जिमखान्याच्या सेक्रेटरींना माझी. चार विद्यार्थी आले. दोन मुले, दोन मुली. मी कुणाचा सर नव्हे, असे पहिल्याच दिवशी सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि 'बरं सर' म्हणाले.

त्या चौघांचे काय झाले ते पुढे येईलच. आधी कूपर्सटाउनचा चेंडू.

हे संग्रहालय तिथेच का, या प्रश्नाचे उत्तर एका खोट्या गोष्टीत आहे. बेसबॉल इंग्लंडातील जुन्या खेळांतून आला की अस्सल अमेरिकन आहे, हा वाद विसाव्या शतकाच्या आरंभी पेटला. अस्सल अमेरिकन ठरणे राष्ट्राभिमानाला सोयीचे होते आणि खेळाचे साहित्य विकणाऱ्यांनाही. १९०५ मध्ये एक समिती नेमली गेली. अॅब्नर ग्रेव्हज नावाच्या एका खाणतज्ज्ञाने पत्र पाठवले, की अॅब्नर डबलडे यांनी कूपर्सटाउनमध्ये हा खेळ शोधून काढला. १९०७ च्या अखेरीस समितीने निकाल दिला : स्थळ कूपर्सटाउन, साल १८३९, जनक डबलडे. हे डबलडे पुढे यादवी युद्धात सेनापती झाले. १८३९ मध्ये ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत छात्र होते. ग्रेव्हज त्या साली पाच वर्षांचे पोर होते. डबलडे १८९३ मध्ये वारले; लिहिणारा माणूस, पण बेसबॉलचा जनक असल्याचा दावा त्यांनी कधी केला नाही. एका पत्रावर इतिहास उभा राहिला.

मग १९३० च्या दशकात कूपर्सटाउनजवळच्या फ्लाय क्रीक या खेड्यात, माळ्यावरच्या एका पेटीत, फाटका, घरगुती बनावटीचा, आत चिंध्या भरलेला चेंडू सापडला. शिवणयंत्राच्या धंद्यातील गडगंज वारसा लाभलेले स्टीफन क्लार्क यांनी तो पाच डॉलरांना विकत घेतला. हाच 'डबलडे चेंडू' ठरला. त्याच्याभोवती प्रदर्शन, प्रदर्शनाभोवती संग्रहालय, आणि १२ जून १९३९ रोजी, त्या काल्पनिक जन्माच्या शतसांवत्सरिक वर्षात, मोठ्या थाटात उद्घाटन.

एखाद्याला वाटेल, लबाडी उघडी पडल्यावर चेंडू गुपचूप कपाटात गेला असेल. तसे झालेले नाही. चेंडू आहे, आणि ही कथा दंतकथा आहे हेही संग्रहालय आज मान्य करते. मला या एका गोष्टीसाठी ती संस्था थोर वाटते. विचार करा, वीस वर्षांचा, बेसबॉलवेडा एक विद्यार्थी दहा आठवड्यांसाठी येतो. त्याच्या दैवतांच्या देवळात त्याला पहिला पाठ असा मिळू शकतो की हे देऊळ ज्या पायावर उभे आहे तो पाया खोटा आहे. वस्तू मात्र खरी आहे. तो चेंडू एकोणिसाव्या शतकातील मुलांच्या खेळण्याचा पुरावा आहेच. फक्त त्याच्या चिठ्ठीवर कुणाचे नाव लिहायचे, एवढाच प्रश्न. संग्रहालयातील उमेदवारीचा सगळा अर्थ मला या चिठ्ठीपाशी सापडतो. हातमोजे घालणे, लोकरीच्या जुन्या जर्सीला कसर लागू न देणे, आम्लरहित कागदात वस्तू गुंडाळणे, दाखल क्रमांक घालणे, ही कौशल्ये सहा महिन्यांत कुणीही शिकतो. वस्तूखाली तीन ओळी लिहिताना कुठे थांबायचे, हे शिकवणे अवघड आहे.

आणि इथे तिथल्या योजनेवर माझा आक्षेपही आहे. तिच्या पूर्ण नावात 'युवा नेतृत्वविकास' असे शब्द आहेत. नेतृत्व! संग्रहालयाच्या तळघरात खोकी उघडणाऱ्या पोराला नेता कशाला व्हायचे? देणगीदारांना असे शब्द आवडतात, हे मला आमच्या जिमखान्याच्या देणगीफलकांवरूनही माहीत आहे. पण शब्द कामाला वळण लावतात. क्रीडासंग्रहालयात उमेदवारीला येणारा बहुतेक वेळा चाहता म्हणून येतो, आणि चाहत्याला अभ्यासक करायचे तर त्याला आधी थोडे नाउमेद करावे लागते. सन्मानसोहळ्याच्या धामधुमीत, मोठे खेळाडू चार हातांवर वावरत असताना, ते होत असेल का याची मला शंका आहे. चित्रसंग्रहालयात जाणारा विद्यार्थी चित्रकाराची सही मागत नाही. क्रीडासंग्रहालयाचे अर्धे वैभव सहीतच असते. आपल्याकडे तर बॅट कोणत्या लाकडाची, कुणी घडवली, कोणत्या सामन्यात वापरली यांपेक्षा तिच्यावरची शाई मोठी. सही ही वस्तूची माहिती आहे, तिचा इतिहास नव्हे. पुष्कळदा सही घेण्यासाठीच बॅट विकत आणलेली असते.

चिठ्ठी कशी लिहावी याचे कूपर्सटाउनमधले दुसरे उदाहरण अधिक बोचणारे आहे. जॅकी रॉबिन्सन हे विसाव्या शतकात मोठ्या लीगमध्ये खेळलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. १९४७ मध्ये त्यांनी ती भिंत ओलांडली. १९६२ मध्ये 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांची निवड झाली आणि त्यांची ब्राँझची पाटी लागली. पाटीवर फलंदाजी होती, क्षेत्ररक्षण होते, पळून मिळवलेल्या बेसेस होत्या. वर्णभेदाची भिंत त्यांनी मोडली, याचा एक शब्द नव्हता. याला केवळ गोऱ्यांची मुग्धता म्हणून मोकळे होता येत नाही. आपला विचार केवळ खेळाडू म्हणून व्हावा, अशी खुद्द रॉबिन्सन यांची इच्छा होती. सेहेचाळीस वर्षांनी, २००८ मध्ये, पाटी बदलली आणि ते वाक्य आले. मग बरोबर कोणती? पहिलीत माणसाच्या इच्छेचा मान आहे, दुसरीत वाचणाऱ्याच्या हक्काचा. मी दुसरीच्या बाजूचा आहे, पण पहिली टाकून द्यायच्या मी विरुद्ध आहे. दोन्ही पाट्या शेजारी ठेवल्या तर त्या दोहोंच्या मधला काळ दिसतो. एकट्या नव्या पाटीत तो दिसत नाही. जणू सुरुवातीपासून असेच लिहिलेले होते. १९७१ मध्ये सॅचेल पेज या थोर कृष्णवर्णीय पिचरला हॉलमध्ये घेताना आधी वेगळा विभाग जाहीर झाला होता. ओरड झाली तेव्हा विचार बदलला. त्या ओरडीचा पुरावा आज सोहळ्याच्या छायाचित्रांत शोधून मिळत नाही, कात्रणांच्या फायलींत मिळतो. उमेदवाराने बसावे ते तिथे.

रॉबिन्सनची पाटी वाचली की मराठी माणसाला पळवणकर बाळू आठवायला हवेत. रामचंद्र गुहा यांनी 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' या ग्रंथात, जुनी वर्तमानपत्रे आणि बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांचे मराठी आत्मचरित्र यांच्या आधारे ही कथा पुन्हा उभी केली, त्याला वीस वर्षे उलटली. चर्मकार कुटुंबातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टी राखी, नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकी. पुढे हिंदूंच्या संघात आला, तेव्हा मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांना चाले; चहा मात्र तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने एकंदर ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये विठ्ठलना मिळाले. इथवरची कथा आता बऱ्याच जणांना माहीत आहे, त्यावर भाषणे होतात, चित्रपटाच्याही बातम्या येतात.

माझी तक्रार वेगळी आहे. बाळूंवरचे अलीकडचे मराठी लेख वाचा : जातीचा अन्याय असतो, आंबेडकरांशी आधी स्नेह आणि १९३७ च्या निवडणुकीत सामना असतो, हे सगळे आलेच पाहिजे. पण तो गोलंदाजी कशी करी? ओल्या खेळपट्टीवर काय करी, कोरड्यावर काय? त्या ११४ बळींत त्रिफळे किती, झेल किती? लिहिणाऱ्याला हे विचारावेसेही वाटत नाही. रॉबिन्सनच्या पहिल्या पाटीवर खेळ होता, वर्ण नव्हता. आमच्या बाळूंच्या पाटीवर जात आहे आणि चेंडू नाही. त्यांच्या हातातले कसब गाळून त्यांचा गौरव करणे हेही एक प्रकारे तंबूबाहेर बसवणेच आहे. धावफलक छापलेले आहेत, ग्रंथालयांत आहेत. विद्यार्थ्याला एकशेवीस तासांत एका मोसमाचे काम सहज उरकता येईल.

आता ते चौघे.

पहिल्या आठवड्यात मी नेमका आजारी पडलो. सेक्रेटरींना मोकळे हात दिसले आणि जिमखान्याचा वर्धापनदिन जवळ आला होता. दोन मुलांना त्यांनी करंडक घासायला बसवले. पोरे कष्टाळू, घरून चिंच आणली, राख आणली. मी गेलो तेव्हा पंधरा-सोळा कप उन्हात झगझगत होते. मुलामा चढवलेल्या कपांची चांदी निघून आतले पितळ वर आले होते, आणि दोन कपांवर कोरलेली अक्षरे बोटाने चाचपूनच कळत होती. सेक्रेटरी खूष होते. म्हणाले, "बघा साहेब, चाळीस वर्षांत असे चमकले नव्हते." त्यांचा राग आला, पण चूक माझीही होती. धातूला हात लावू नका, हे एका कागदावर लिहून फडताळावर डकवायला मला पाच मिनिटे लागली असती.

मुली दप्तराच्या कपाटापाशी होत्या. त्यातली एक लांबच्या गावाहून येई. तिचा एसटीचा सवलतीचा पास कॉलेजपर्यंतचा. जिमखाना दोन थांबे पुढे. तेवढ्यासाठी रोज वेगळे तिकीट परवडेना, म्हणून ती ते अंतर चालत येई, आणि उशीर झाला की हजेरीपत्रकावर तास कापला जाई. अमेरिकेतील कलासंग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये ठराव केला, की इंटर्नना मोबदला द्यावा. फुकट काम ज्यांना परवडते तीच मुले या व्यवसायात येतात, हे त्यामागचे कारण. हा ठराव मी वाचला तेव्हा मला श्रीमंत देशाचा चोचला वाटला होता. दोन थांब्यांच्या तिकिटाने माझे मत बदलले. तिकिटाचे पैसे मी देऊ केले, तिने घेतले नाहीत. संस्थेने दिले असते तर घेतले असते, असे मला वाटते. संस्थेकडे तसे 'हेड' नव्हते.

या मुलीला मी १९३० च्या दशकातील एक खर्चवही दिली. मोडी नव्हे, बाळबोध लिपीतली, पण अक्षर फर्राटे. तिने ती संगणकावर उतरवायची होती. सभासदांच्या वर्गण्या, चेंडूंची खरेदी, मॅटिंगची दुरुस्ती, सामन्याच्या दिवशीचा चहा. काम तिने सुरेख केले. तक्ता तपासताना महिन्याची बेरीज जुळेना. हिशेबनिसाची सवय, मी वही मागून घेतली. तक्त्यात अडतीस ओळी कमी होत्या. विचारले तर म्हणाली, "सर, त्यांना नावंच नाहीत. नावाचा रकाना रिकामा राहतो, म्हणून मी त्या काढून टाकल्या."

त्या ओळी अशा : रोलर ओढणारे गडी चार. नेटला चेंडू टाकणारा पोर, महिना. पाणी भरणारी बाई. पुढे रक्कम. सभासदांपुढे 'रा. रा.' लावून पूर्ण नाव, आडनाव. यांच्यापुढे काम आणि पैसे.

मी तिला बाळूंची गोष्ट सांगितली. असाच नेटला चेंडू टाकणारा पोर, पुण्यातल्या अशाच एखाद्या वहीत. त्याचे नाव आपल्याला कळले कारण तो पुढे बाळू झाला. आमच्या वहीतला झाला नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते : "पण सर, नाव नसलेल्या माणसाची नोंद करून वाचणाऱ्याला काय कळणार?" मी म्हणालो, बेरीज जुळेल. हिशेबनिसाचे उत्तर होते ते. त्याहून चांगले मला अजून सुचलेले नाही. जिमखान्याच्या भिंतीवर चौकटीत बसलेल्या अकरा माणसांच्या पायांखालची खेळपट्टी कुणी तरी दाबलेली असते. त्याला किती दिले, हे लिहिलेले आहे. ते गाळले तर वही खोटी ठरते.

तिने अडतीसही ओळी परत घातल्या. नावाच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी लिहिले : 'मूळ वहीत नोंदवलेले नाही.' हे चार शब्द तिचे स्वतःचे. मी सांगितले असते तर 'अज्ञात' सांगितले असते, आणि ते चुकले असते. त्या माणसांना त्या काळी सगळे ओळखत होते. लिहिणाऱ्याने लिहिले नाही, एवढेच. कूपर्सटाउनच्या दहा आठवड्यांत याहून बारीक फरक कुणी शिकत असेल असे मला वाटत नाही.

सत्राच्या शेवटी अहवाल द्यायचा होता. त्याचा नमुना ठरलेला : संस्थेचा परिचय, उद्दिष्टे, संघटनात्मक रचना, बलस्थाने व उणिवा, 'मी आत्मसात केलेली कौशल्ये'. वहीसाठी जागा नव्हती, म्हणून तिने तो तक्ता परिशिष्ट म्हणून जोडला. अहवाल तपासून आला तेव्हा परिशिष्टाच्या पहिल्या पानावर लाल शाईत शेरा होता : 'माहिती अपूर्ण. नावाचा रकाना भरावा.' करंडक घासणाऱ्या दोघांना तिच्यापेक्षा चार गुण जास्त मिळाले. त्यांच्या अहवालात आधीची आणि नंतरची अशी रंगीत छायाचित्रे होती.

तिने मला फोन केला, रडवेली वगैरे नव्हती. विचारत होती, भरू का काही तरी? मी म्हटले, तुझ्या गुणांचा प्रश्न आहे, तू ठरव. तिने भरले नाही. शेऱ्याखाली पेन्सिलीने वहीचा पान क्रमांक लिहून अहवाल परत दिला.

वही पुन्हा कपाटात गेली आहे, किल्ली सेक्रेटरींकडे. जानेवारीत पुढची तुकडी येईल. या वेळी सहा जण आहेत म्हणे. मी दोन मीटर जुने, धुतलेले मलमल आणून ठेवले आहे, आणि चिंचेविषयीचा कागद फडताळावर डकवला आहे. एसटीच्या तिकिटांसाठी कार्यकारिणीला अर्ज दिला आहे. तो बैठकीत यायचा आहे.